काट्यापासून दह्यापर्यंत : मेचनिकोव्ह यांची गोष्ट

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला सल्ल्यांची कधी वाण पडत नाही. कोणी सकाळी काढा घ्यायला सांगतं, कोणी प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या गोळ्यांची बाटली आणून देतं, कोणी मोबाइलवर कसल्याशा बियांचे गुण पाठवतं. घरातली आजी मात्र जेवणाच्या शेवटी वाटीभर ताक पुढे सरकवते आणि मोकळी होते.

साधारण १२० वर्षांपूर्वी पॅरिसमधल्या एका शास्त्रज्ञाने जवळपास आजीसारखाच सल्ला दिला आणि युरोपभर आंबवलेल्या दुधाचं वेड पसरलं. आपलं शरीर रोगजंतूंशी कसं लढतं, याचा एक मोठा धागा पहिल्यांदा त्यांच्याच हाती लागला होता. त्यांचं नाव इल्या मेचनिकोव्ह. फ्रान्समध्ये त्यांना एली मेचनिकॉफ म्हणत. वयाच्या पन्नाशीनंतर त्यांनी स्वतःच्या शरीरावरच प्रयोग सुरू केला. त्यातलं काही बरोबर निघालं, काही साफ चुकलं. आज आपल्याला या दोन्हींतून शिकण्यासारखं आहे.

जगण्याला कंटाळलेला तरुण

मेचनिकोव्ह यांचा जन्म १८४५ च्या मे महिन्यात, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या आणि आजच्या युक्रेनमधल्या खारकीव शहराजवळच्या एका खेड्यात झाला. पाच भावंडांत ते धाकटे. बुद्धी इतकी तल्लख, की विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत संपवला. पंचविशीत ते ओडेसाच्या विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

पण स्वभाव हळवा, डोळे अधू आणि मन सतत निराशेकडे झुकणारं. पहिली पत्नी ल्युडमिला क्षयाने आजारी होती. लग्नाच्या दिवशी तिला चालवेना, म्हणून खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. चार वर्षं त्यांनी तिच्यासाठी हवापालट, उपचार, पैशांची जुळवाजुळव असं सगळं केलं. १८७३ मध्ये ती गेली आणि त्या दुःखात मेचनिकोव्ह यांनी स्वतःचं आयुष्य संपवण्याचा प्रयत्न केला. ते वाचले. दोन वर्षांनी त्यांनी ओल्गा यांच्याशी लग्न केलं. १८८० च्या सुमारास ओल्गांना टायफॉइडने गाठलं, विद्यापीठातलं राजकारणही असह्य झालं आणि ते पुन्हा खचले. या वेळी त्यांनी एका जीवघेण्या तापाच्या रुग्णाचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. आजार रक्तातून पसरतो का, हे त्यातून कळेल आणि मरण आलं तरी हरकत नाही, असा त्यामागचा विचार होता. ताप भयंकर चढला, पण याही वेळी ते वाचले.

एवढ्या तपशिलाने हे सांगण्याचं कारण आहे. दोनदा मरणाच्या दारात स्वतःहून गेलेला हाच माणूस पुढे, माणसाला अधिक काळ आणि अधिक निरोगी कसं जगता येईल, या ध्यासात उरलेलं आयुष्य घालवणार होता. या बदलाची सुरुवात एका काट्याने झाली.

तारामासा आणि काटा

१८८२ मध्ये मेचनिकोव्ह यांनी ओडेसाची नोकरी सोडली आणि कुटुंबासह ते सिसिली बेटावरच्या मेसिना शहरात राहायला गेले. ओल्गांचे आईवडील वारले होते आणि त्यांची लहान भावंडं याच घरात वाढत होती. एके दिवशी घरातली सगळी मंडळी सर्कस पाहायला गेली. मेचनिकोव्ह एकटेच सूक्ष्मदर्शकासमोर बसून तारामाशाच्या पारदर्शक अळीत फिरणाऱ्या पेशी पाहत होते. या पेशी अन्नाचे कण गिळतात, हे माहीत होतं. त्यांच्या मनात आलं, की शरीरात घुसलेल्या परक्या वस्तूलाही त्या अशाच घेरत असतील तर?

घराच्या बागेत संत्र्याच्या जातीचं एक लहान झाड होतं. मुलांसाठी त्याचंच ख्रिसमसचं झाड केलेलं होतं. बागेतून काटे आणून त्यांनी ते अळ्यांच्या कातडीखाली खुपसले. रात्रभर त्यांना झोप लागली नाही. सकाळी पाहिलं, तर काट्यांभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला होता. आपल्या बोटात काटा रुतला, की तिथे लाली येते, सूज येते, पू होतो. तो पू म्हणजे शरीराच्या शिपायांची फौज आणि त्यांची प्रेतं, हे त्यांच्या लक्षात आलं.

या शिपायांना फॅगोसाइट म्हणजे भक्षक पेशी हे नाव मिळालं. लगेचच त्यांनी पाणपिसवांमध्ये बुरशीचे कण आणि या पेशी यांची झुंज पाहिली. पेशी जिंकल्या तर पिसू जगे, बुरशी जिंकली तर मरे. आजाराचा निकाल शरीराच्या आत चाललेल्या लढाईवर ठरतो, ही कल्पना तेव्हा नवी होती. अनेक जर्मन शास्त्रज्ञांनी ती धुडकावली. त्यांच्या मते रोगप्रतिकाराचं सामर्थ्य रक्तातल्या द्रवात होतं. हा वाद जवळजवळ पंचवीस वर्षं चालला. १९०८ चा नोबेल पुरस्कार मेचनिकोव्ह आणि जर्मनीचे पॉल एर्लिख यांना विभागून देण्यात आला. पेशी आणि रक्तातले प्रतिपिंड दोघेही मिळून लढतात, हे आज शाळेच्या पुस्तकातही असतं.

पॅरिस, आणि आपल्या मुंबईशी नातं

१८८६ मध्ये ओडेसात जिवाणूशास्त्राची संस्था निघाली आणि मेचनिकोव्ह तिचे प्रमुख झाले. पण त्यांच्याकडे वैद्यकीय पदवी नव्हती. गावातल्या डॉक्टरांचा विरोध सुरू झाला. दोन वर्षांत कंटाळून ते पॅरिसला गेले. लुई पाश्चर यांनी नव्याच निघालेल्या आपल्या संस्थेत त्यांना प्रयोगशाळा दिली आणि पुढची २८ वर्षं, म्हणजे अखेरपर्यंत, मेचनिकोव्ह तिथेच राहिले.

ओडेसातला त्यांचा एक विद्यार्थीही त्यांच्यामागून या संस्थेत आला. तो म्हणजे वाल्डेमार हाफकिन. कॉलराची लस त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली, १८९३ मध्ये ते भारतात आले आणि मुंबईत प्लेगची साथ आल्यावर १८९७ च्या जानेवारीत भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्लेगची लसही त्यांनी पहिल्यांदा स्वतःवरच आजमावली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. स्वतःचं शरीर पणाला लावण्याची ही सवय गुरूकडूनच आली असणार, असं वाटल्यावाचून राहत नाही.

कारण त्याच सुमारास गुरूही पॅरिसमध्ये कॉलराचे जिवाणू प्याले होते. त्यांना काही झालं नाही. दुसऱ्या एका सहकाऱ्यालाही काही झालं नाही. तिसऱ्याला मात्र खरोखरचा कॉलरा झाला. एकच जंतू, एकच मात्रा, मग हा फरक कशाने? प्रयोगशाळेच्या बशीत कॉलराच्या जंतूंशेजारी दुसरे जिवाणू वाढवले, तर काही जिवाणू त्यांची वाढ रोखतात आणि काही तिला मदत करतात, असं मेचनिकोव्ह यांना दिसलं. म्हणजे आपल्या आतड्यात आधीपासून कोण वस्तीला आहे, यावर बरंच काही अवलंबून असावं. पुढच्या सगळ्या कामाचं विरजण इथे लागलं.

पन्नाशीनंतरचा प्रयोग

१८९५ मध्ये मेचनिकोव्ह पन्नास वर्षांचे झाले आणि त्याच वर्षी पाश्चर गेले. मेचनिकोव्ह यांच्या हृदयाच्या तक्रारी जुन्या होत्या, आता मूत्रपिंडाचीही कुरकुर सुरू झाली. घरातला इतिहासही दिलासा देणारा नव्हता. थोरला भाऊ इव्हान १८८१ मध्ये पंचेचाळिशीत गेला. टॉलस्टॉय यांच्या ‘द डेथ ऑफ इव्हान इलिच’ या प्रसिद्ध कथेतलं मुख्य पात्र त्याच्यावरून सुचलेलं. दुसरा भाऊ लेव्ह, नावाजलेला भूगोलतज्ज्ञ, पन्नासाव्या वर्षी गेला.

म्हातारपण हा एक आजार आहे आणि त्याचा अभ्यास करता येईल, असं मेचनिकोव्ह यांनी ठरवलं. वार्धक्याच्या शास्त्राला आज वापरला जाणारा जेरोंटॉलॉजी हा शब्द १९०३ मध्ये त्यांनीच रूढ केला. त्यांचा सिद्धांत असा होता : मोठ्या आतड्यात अन्न कुजवणारे जिवाणू राहतात. त्यांच्यापासून विषारी द्रव्यं तयार होतात, ती रक्तात मिसळतात आणि शरीर हळूहळू जीर्ण होतं. मग तरुणपणी रक्षण करणाऱ्या भक्षक पेशीच उतारवयात आपल्या दुबळ्या झालेल्या उतींवर चालून जातात. केस पांढरे होण्यामागेही त्यांना याच पेशी दिसल्या.

यावर उपाय काय? दूध आंबलं की ते सहसा कुजत नाही, कारण त्यातले जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात. हेच जिवाणू पोटात गेले, तर तिथलं कुजणंही थांबेल, असा तर्क त्यांनी केला. बल्गेरियात दही भरपूर खाल्लं जातं आणि तिथे शंभरी गाठलेली माणसं बरीच आहेत, अशी माहिती त्यांच्याकडे आली होती. १९०५ मध्ये स्टामेन ग्रिगोरोव्ह या तरुण बल्गेरियन वैद्यकीय विद्यार्थ्याने तिथल्या दह्यातला जिवाणू शोधून काढला, तेव्हा मेचनिकोव्ह यांना आणखी हुरूप आला.

ते स्वतः रोज आंबवलेलं दूध घेऊ लागले. दूध आधी उकळायचं आणि मग त्यात शुद्ध जिवाणूंचं विरजण घालायचं. मद्य बंद, मांस बेताचं, न उकळलेलं पाणी वर्ज्य. कच्च्या पालेभाज्या आणि न शिजवलेली फळं यांच्यापासूनही ते चार हात दूर राहत, कारण त्यांच्याबरोबर मातीतले जंतू येतात. घरात या शिस्तीची थट्टा होत असेल, पण त्यांनी ती अखेरपर्यंत पाळली.

१९०४ मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये वार्धक्यावर जाहीर व्याख्यान दिलं आणि वर्तमानपत्रांनी ते उचलून धरलं. दही म्हणजे तारुण्याचं औषध, असा त्याचा सोपा अर्थ लोकांनी लावला. बाजारात आंबवलेल्या दुधाच्या गोळ्या, भुकट्या आणि बाटल्या आल्या. त्यांच्यावर मेचनिकोव्ह यांचं नाव झळकू लागलं. शास्त्रज्ञाने मांडलेल्या शक्यतेचा बाजाराने वायदा करून टाकला. लंडनचे आर्बथनॉट लेन हे नामवंत शल्यविशारद तर जुनाट बद्धकोष्ठतेच्या रुग्णांचं मोठं आतडंच कापून काढत.

याच काळात मेचनिकोव्ह यांचा स्वभाव पालटला. ज्याला जगणं नकोसं झालं होतं, तो माणूस आता आशेने बोलू आणि लिहू लागला. माणसाने विज्ञानाच्या मदतीने पूर्ण आयुष्य जगावं आणि मग झोप यावी तसं मरण यावं, असं त्यांना वाटे. १९०९ मध्ये ते टॉलस्टॉय यांना त्यांच्या गावी जाऊन भेटले. मरणाचा प्रश्न दोघांनाही आयुष्यभर छळत होता, पण एकाने उत्तर धर्मात शोधलं आणि दुसऱ्याने सूक्ष्मदर्शकाखाली.

१९१३ पासून त्यांना हृदयविकाराचे झटके येऊ लागले. पुढच्या वर्षी महायुद्ध पेटलं, प्रयोगशाळा ओस पडली, तरुण सहकारी आघाडीवर गेले. १९१६ च्या जुलैमध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. आपल्या शरीराची, विशेषतः आतड्यांची तपासणी करावी, असं त्यांनी सहकाऱ्यांना सांगून ठेवलं होतं. त्यांच्या अस्थी आजही पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात आहेत. शंभरी गाठण्याची आशा दाखवणारा माणूस एकाहत्तरीत गेला, अशी टीका झाली. पण अधू हृदय आणि भावांची वयं लक्षात घेतली, तर एवढं आयुष्यही थोडं नव्हतं.

काय खरं ठरलं, काय चुकलं?

आधी चुका पाहू. मोठं आतडं निरुपयोगी नाही. तिथले जिवाणू आपण खाल्लेला चोथा, म्हणजे तंतुमय पदार्थ, आंबवतात आणि त्यातून काही मेदाम्लं तयार होतात. आतड्याच्या अस्तराला त्यातून पोषण मिळतं आणि शरीरातला दाह आटोक्यात राहतो. प्रतिकारशक्तीच्या पेशींचा फार मोठा वाटा आतड्याच्या आसपासच असतो. बल्गेरियन दह्यातला तो जिवाणू आतड्यात कायमची वस्ती करत नाही, हे १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या प्रयोगांतून दिसलं. आणि बल्गेरियाच्या खेड्यांतली माणसं फक्त दही खात नव्हती, तर शेतात राबतही होती. वयाच्या नोंदी कितपत पक्क्या होत्या, हा प्रश्न वेगळाच.

आता बरोबर ठरलेलं. वय वाढतं, तसा शरीरात बारीक, धुमसता दाह वाढतो आणि प्रतिकारशक्तीच्या पेशी त्यात सामील असतात, हे आज मान्य आहे. आतड्यातल्या जिवाणूंचा आणि प्रतिकारशक्तीचा संबंध तर संशोधनाचं मोठं क्षेत्र झालं आहे. २०२१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने ३६ निरोगी प्रौढांवर केलेल्या प्रयोगात, दहा आठवडे दही, केफिर, आंबवलेल्या भाज्या असे पदार्थ भरपूर खाणाऱ्यांच्या आतड्यात जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातली दाहाशी संबंधित १९ प्रथिनं कमी झाली. प्रयोग लहान होता, पण त्याची दिशा मेचनिकोव्ह यांना ओळखीची वाटली असती.

एक मोठी गोष्ट मात्र त्यांच्या उपायांच्या केंद्रस्थानी नव्हतीच. ती म्हणजे व्यायाम. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. टी-पेशी नावाचे शिपाई तिथे तयार होतात. तरुणपणापासूनच ती आक्रसू लागते आणि पन्नाशीनंतर तिच्या जागी बरीचशी चरबी असते. नवे शिपाई कमी, जुनेच थकलेले. म्हणून वाढत्या वयात फ्लू, न्यूमोनिया, नागीण हे आजार जड जातात. ब्रिटनमध्ये ५५ ते ७९ वयाच्या १२५ हौशी सायकलपटूंची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यभर सायकल चालवणाऱ्या या मंडळींमध्ये थायमसमधून नव्या टी-पेशी तरुणांइतक्याच बाहेर पडत होत्या. हे सायकलपटू पट्टीचे होते, सगळ्यांना तेवढं जमणार नाही. पण काम करणारे स्नायू रक्तात अशी रसायनं सोडतात, जी दाह कमी करतात आणि या पेशींना बळ देतात, हे सगळ्यांनाच लागू आहे.

आपल्या ताटात आणि आपल्या पायांत

मग पन्नाशीनंतर नेमकं काय करायचं?

● दही-ताक रोज, पण औषध म्हणून नव्हे. घरी विरजलेलं ताजं दही, पातळ ताक, कांजी यांत जिवंत जिवाणू असतात. इडली, ढोकळा वाफवताना ते मरतात, तरी हे पदार्थ पचायला हलके. लोणच्यात मीठ आणि तेल जास्त, ते चवीपुरतंच. रक्तदाब असेल तर ताकात मीठ नको, जिरेपूड आणि कोथिंबीर पुरे.

● जिवाणूंनाही जेवू घाला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसभराच्या ताटाचा निम्मा भाग भाज्या आणि फळांचा असावा, म्हणजे साधारण अर्धा किलो. ज्वारी, बाजरी, नाचणीची भाकरी, सालासकट डाळी, मोड आलेली मटकी, हिरव्या पालेभाज्या यांतला चोथा आतड्यातल्या जिवाणूंचं खाणं आहे. काकडी, गाजर, टोमॅटो यांना मेचनिकोव्ह भीत असत. आपण ते स्वच्छ धुऊन खावेत.

● प्रथिनं विसरू नका. प्रतिपिंड आणि स्नायू, दोन्ही प्रथिनांचेच असतात. ६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला किमान ५० ते ६० ग्रॅम प्रथिनं हवीत. वरण-भाताच्या एका जेवणाने ती भागत नाहीत. डाळ, उसळ, दूध, दही, अंडं, मासे, शेंगदाणे यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असावं.

● आठवड्याला १५० मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास झपझप चालणं, ज्यात बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंच्या बळाचा व्यायाम : खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठबस, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. पासष्टीनंतर तोल सांभाळणारे व्यायाम तीन दिवस.

● मीठ ५ ग्रॅम, म्हणजे दिवसाला एक चहाचा चमचा, त्याहून जास्त नको. पापड, फरसाण, लोणची यांतलं मीठही यात धरायचं. तंबाखू पूर्ण बंद. झोप सात तास.

● लसींची चौकशी. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींबद्दल डॉक्टरांना विचारा. हाफकिन यांच्या शहराजवळ राहणाऱ्यांनी तरी यात मागे राहू नये.

मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा हृदयविकार असेल, तर आहारात आणि व्यायामात मोठे बदल करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्यावं. कर्करोगाचे उपचार किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असणाऱ्यांनी जिवाणूंच्या कॅप्सूल मनाने घेऊ नयेत.

मेचनिकोव्ह यांच्या काळी दुकानांत आंबवलेल्या दुधाच्या गोळ्या होत्या, आज प्रतिकारशक्ती वाढवणारी सरबतं आहेत. तेव्हाही लोकांना एकच पदार्थ हवा होता, जो सगळं करून टाकेल. तसा पदार्थ मेचनिकोव्ह यांना वीस वर्षं शोधूनही सापडला नाही. शरीरातले शिपाई मात्र त्यांना मेसिनाच्या त्या सकाळी नक्की सापडले होते. त्यांचा शिधा रोजच्या ताटातून जातो आणि त्यांची कवायत रोजच्या चालण्यात होते. आज जेवणाच्या शेवटी ताक घेतलंत, तर ते पिऊन लगेच आडवं होऊ नका. चप्पल घाला आणि कोपऱ्यापर्यंत एक चक्कर मारून या.